बेचकीचा खडा आणि बंदुकीचा क्रोनोग्राफ: मंद वेग मोजण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतो आणि माझ्याकडे एक जुना क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग सांगणारं यंत्र आहे. या दोन गोष्टी एकाच माणसाकडे आहेत हे कळल्यापासून लोक बेचकी, बांबूचं धनुष्य, मुलाची फोमच्या गोळ्यांची बंदूक, काय हाताला लागेल ते घेऊन येतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

क्रोनोग्राफ नेमकं मोजतो काय?

वेळ. वेग तो मोजत नाही, भागाकार करून सांगतो. प्रकाशावर चालणाऱ्या नेहमीच्या यंत्रात एकामागे एक असे दोन डोळे, म्हणजे प्रकाश टिपणारे सेन्सर असतात, बऱ्याचदा एक फूट, म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर अंतरावर. पहिल्यावर सावली पडली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावर पडली की बंद. अंतराला वेळेने भागलं की पडद्यावर आकडा. दहा मीटर नेमबाजीतल्या एअर रायफलचा छर्रा सेकंदाला १७४ मीटरने जात असेल, तर हे फूटभर अंतर तो पावणेदोन मिलिसेकंदांत कापतो. २० मीटरने जाणाऱ्या खड्याला त्याच अंतराला सव्वापंधरा मिलिसेकंद लागतात.

मंद म्हणजे किती मंद?

माझ्या हिशेबी सेकंदाला ३० मीटरच्या खालचं सगळं. यंत्रं एफपीएसमध्ये, म्हणजे फूट प्रति सेकंदात बोलतात, तेव्हा साधारण १०० एफपीएसच्या खालचं. मीटरला ३.२८ ने गुणलं की फूट, आणि ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर. ताशी १४० किलोमीटरने टाकलेला क्रिकेटचा चेंडू म्हणजे सेकंदाला ३९ मीटर. त्यामुळे ‘मंद’ शब्दावर जाऊ नका, डोळ्याला लागला तर डोळा जाईल. चष्मा घाला.

वेग कमी असेल तर मोजणं सोपं नको का?

घड्याळाच्या बाजूने बघितलं तर सोपंच आहे. सव्वापंधरा मिलिसेकंदांत एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे काहीच नाही. अडचण घड्याळात नाही, डोळ्यात आहे.

भिंतीवर पाल किड्याकडे कशी जाते बघितलंय? हळू, इतकी हळू की किड्याला काही हललंय हे कळतच नाही. क्रोनोग्राफचा डोळा त्या किड्यासारखा आहे. ढग सूर्यावरून सरकला, संध्याकाळ झाली, तर यंत्राने त्याला गोळी समजू नये, म्हणून सावकाश होणारे बदल गाळून टाकण्याची सोय आत मुद्दाम केलेली असते. झटकन आलेली सावली तेवढी पुढे जाते. १६ मिलिमीटरची गोटी १७४ मीटरने गेली असती तर एका रेषेवरून पूर्ण पार व्हायला तिला मिलिसेकंदाचा दहावा हिस्साही लागला नसता. ५ मीटरने गेली तर ३.२ मिलिसेकंद. चौतीस-पस्तीस पट संथ सावली. काही यंत्रांना ती दिसते, काहींना उशिरा दिसते, काहींना दिसतच नाही.

‘उशिरा दिसते’ हा प्रकार सगळ्यात वाईट. आकडा येतो, तोंडावर आत्मविश्वास असतो, आणि तो चुकीचा असतो. दोन्ही डोळे सारखेच उशिरा जागे झाले तर चूक आपोआप कटते. पण एकावर धूळ बसली असेल, किंवा वस्तू एकाच्या जवळून आणि दुसऱ्याच्या लांबून गेली, तर एक डोळा गोटीची कड पकडतो आणि दुसरा तिचं पोट. पाच मिलिमीटरचा फरक पडला तरी फूटभरात तो दीड टक्क्याहून जास्त होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे यंत्राचा धीर. पहिला डोळा जागा झाल्यावर दुसऱ्याची वाट ते काही काळच बघतं. मग सोडून देतं आणि ‘एरर’ची खूण दाखवतं.

माझ्या यंत्राची खालची मर्यादा कशी कळेल?

माहितीपुस्तिकेत लिहिलेली असते, फक्त लोक वरची मर्यादा वाचतात आणि खुश होतात. गार्मिनचा झीरो सी१ प्रो हा रडारवाला क्रोनोग्राफ १०० ते ५००० एफपीएससाठी आहे. म्हणजे बेचकीवाल्याच्या बऱ्याच कामाला तो दारातूनच परत पाठवणार. रडारमध्ये परत येणाऱ्या लहरीची वारंवारिता वेगाच्या प्रमाणात बदलते, आणि वेग जितका कमी तितका तो बदल हलणारे हात, झाडाची पानं यांच्या गोंधळात मिसळतो. प्रकाशावर चालणारी यंत्रं सहसा बरीच खाली उतरतात. मात्र पुस्तिकेतला आकडा बहुधा घड्याळाची मर्यादा असते. डोळा तिथपर्यंत साथ देतो का, ते स्वतः तपासावं लागतं. कसं ते खाली सांगितलंय.

डोळे सुटे असून पट्टीवर सरकवता येत असतील तर एक युक्ती आहे. अंतर निम्मं करा. यंत्राला वाटतं अंतर एक फूटच आहे, म्हणून ते दुप्पट वेग दाखवतं. आलेला आकडा तुम्ही अर्धा करायचा. यंत्राच्या धीराचा प्रश्न सुटतो, पण जागेची चूक टक्क्यांत दुप्पट होते. फुकट काही मिळत नाही.

घरात मोजलं की काहीही मारलं तरी १०० येतं. यंत्र बिघडलंय का?

नाही. दिवा बंद करा.

हे मला कळायला जवळजवळ एक आठवडा लागला. दोन विद्यार्थी लाकडी कॅटापुल्ट करून आले होते. प्रयोगशाळेत लावलं. पहिला आकडा ९९.९. दुसरा १००.१. तिसरा ९९.८. मी थक्क. रबराची इतकी एकसारखी ताकद कोणी बघितलीय? पोरांना शाबासकी दिली, फळ्यावर सरासरी काढली. मग त्यातला एक हळूच म्हणाला, “सर, आत्ता आम्ही काही मारलंच नाहीये.” पडद्यावर ताजा आकडा होता, १००.०.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. चोक लावलेली जुनी ट्यूबलाइट आणि स्वस्तातले बरेच एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एक अंधारी झपकी. एका झपकीला पहिला डोळा घड्याळ सुरू करतो, पुढच्या झपकीला दुसरा बंद करतो. एक फूट, १० मिलिसेकंद, म्हणजे १०० एफपीएस, अगदी नेमके. एक झपकी सुटली तर ५०. ग्रिडची वारंवारिता साधारण ४९.९ ते ५०.०५ हर्ट्झमध्ये ठेवायची असते, त्यामुळे आकडाही तितकाच इकडेतिकडे हलतो. आम्ही आठवडाभर पोरांचं कॅटापुल्ट नव्हे, वीज मंडळ मोजत होतो.

वेगवान छर्ऱ्याच्या माणसाला हा त्रास फारसा जाणवत नाही, कारण ५७० ऐवजी १०० दिसलं तर चूक लगेच कळते. आपल्या पट्ट्यात मात्र १०० आणि ५० हे अगदी पटण्याजोगे आकडे आहेत, आणि गोची तिथेच आहे. म्हणून घरात मोजताना आधी काहीही न मारता दोन मिनिटं यंत्र नुसतं चालू ठेवा. आकडा आला तर प्रकाश बदला. खिडकीचा उजेड चालतो. रात्री गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवरचा साधा बल्ब आणि त्यापुढे बटर पेपर, यासारखं दुसरं काही नाही.

बाहेर, उन्हात?

पातळ ढगांचं पांढरं आभाळ सगळ्यात चांगलं. निरभ्र निळ्या आभाळाखाली डोळ्यांवरच्या पांढऱ्या छत्र्या लावाच. सूर्य थेट डोळ्यात शिरत असेल तर पुठ्ठ्याचा आडोसा करा. श्रावणातला उजेड मोहक, पण त्या दिवसांत किडेही फार. एकदा पावशेर मुंग्यांना पंख फुटल्यासारखी संध्याकाळ होती आणि यंत्र आपलं आपण मोजत बसलं होतं.

यंत्र खरं बोलतंय हे कसं तपासायचं?

गोटी टाकून. माझं ऐकायचं असेल तर या पानावरचं एवढं एकच ऐका.

मंद वेगाच्या पट्ट्यात आपल्याला एक फुकटचा, कधी न बिघडणारा प्रमाणित वेग मिळालेला आहे, तो म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा. क्रोनोग्राफ उभा करून असा बसवा की एक डोळा बरोबर दुसऱ्याच्या खाली येईल. ओळंबा सोडून खात्री करा, अंदाजाने नको. समोरून न लुकलुकणारा उजेड द्या. खाली जाड गोधडी अंथरा. आता वरून काचेची गोटी किंवा सायकलच्या बेअरिंगचा मोठा छर्रा सोडा. सोडा म्हणजे सोडाच, ढकलू नका. उंची गोटीच्या खालच्या कडेपासून वरच्या डोळ्यापर्यंत मोजायची.

एक मीटरवरून सोडली तर दोन डोळ्यांमधला सरासरी वेग सेकंदाला ४.७४ मीटर, म्हणजे १५.६ एफपीएस यायला हवा. दोन मीटरवरून ६.४९ मीटर, म्हणजे २१.३ एफपीएस. जिन्याच्या कठड्यावरून पाच मीटर उंची मिळाली तर १०.०५ मीटर, म्हणजे ३३ एफपीएस. हे आकडे एक फूट अंतराच्या यंत्राचे आहेत. तुमचं अंतर वेगळं असेल तर वरच्या आणि खालच्या डोळ्यापाशी ‘दोन गुणिले जी गुणिले उंची’ याचं वर्गमूळ काढा आणि दोन्हींची सरासरी घ्या. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, ते ९.८ धरा. इतक्या उंचीत गोटीला हवेचा अडथळा नगण्य. टेबल टेनिसचा बॉल मात्र या कामाला नको.

पाच मीटरला बरोबर येतंय, दोनला येतंय, एकला काहीच येत नाही, असं झालं तर तुमच्या डोळ्याची खरी मर्यादा सापडली. ती पुस्तिकेशी जुळली नाही तर गोटीवर विश्वास ठेवा.

यात नवं काही नाही. १८६० च्या दशकात बेल्जियमच्या तोफखान्यातल्या ल बुलांजे या अधिकाऱ्याने केलेला क्रोनोग्राफ पडत्या वस्तूवरच चालायचा. गोळ्याने पहिली तार तोडली की एक दांडा पडायला लागायचा, दुसरी तार तुटली की सुरी सुटून पडत्या दांड्यावर खूण करायची. दांडा किती पडला त्यावरून वेळ. तोफेच्या गोळ्याचा वेग मोजणारं घड्याळ म्हणजे पडणारा दांडा!

यंत्र किती अंतरावर ठेवायचं, आणि नेम कसा धरायचा?

मंद वस्तू सरळ जात नाही, पडत पडत जाते. सेकंदाला १० मीटरने सोडलेला खडा पहिल्या मीटरभरातच पाच सेंटिमीटर खाली येतो. ५ मीटरने सोडलेला वीस सेंटिमीटर. म्हणजे तो डोळ्यांच्या पट्ट्यावरून न जाता सरळ यंत्राच्या तोंडावर बसतो. यंत्रासमोर जाड फळकूट उभं करा. पडद्याला भोक पाडून घेतलेला माणूस सांगतोय.

तिरकस गेलं तर वस्तू जास्त अंतर कापते आणि यंत्र वेग कमी दाखवतं. पाच अंशांनी काही बिघडत नाही, अर्धा टक्काही नाही. दहा अंशांना दीड टक्का. सुतळी ताणून रेषा आखली की झालं.

बेचकीचा आकडा कधी पटणारा येतो, कधी भलताच. का?

खड्याच्या मागोमाग रबर आणि चामडं पुढे झेपावतं, आणि यंत्र फार जवळ असेल तर त्यांचीही सावली मोजली जाते. कधी खड्याने घड्याळ सुरू होतं, कधी हाताच्या सावलीने. मीटर-दीड मीटर मागे उभे राहा. खडे नकोतच, एका मापाच्या गोट्या वापरा. ओबडधोबड खडा फिरत जातो आणि प्रत्येक डोळ्याला वेगळी बाजू दाखवतो. आणि रबर किती ताणलं त्याची खूण खडूने करून ठेवा, नाहीतर तुम्ही बेचकी नव्हे, आपला मूड मोजत असता.

गोफणीचा वेग मोजता येईल का?

येईल, पण कृपा करून क्रोनोग्राफने नको. जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर उभे राहून आयुष्य काढलेल्या एका आबांना मी विचारलं होतं, “या चौकटीतून मारता का?” त्यांनी चौकटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “कितीला आणलं?” मी यंत्र उचलून पिशवीत ठेवलं.

इथे मोबाइलचं स्लो मोशन कामाला येतं. सेकंदाला २४० फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात २० मीटरने जाणारा गुंडा, म्हणजे गोफणीतला दगड, दर फ्रेमला ८.३ सेंटिमीटर सरकतो. दहा फ्रेम मोजल्या की वेग चांगला निघतो. फ्रेम प्रति सेकंदालाही एफपीएसच म्हणतात. एका मुलाने वहीत ‘गोफणीचा वेग २४० एफपीएस’ असं लिहून आणलं होतं, तो त्याच्या फोनचा होता.

चूक होते ती मागच्या मोजपट्टीने. कॅमेऱ्यापासून गुंड्याची वाट पाच मीटरवर आणि खुणांची भिंत सहा मीटरवर असेल, तर भिंतीवरून वाचलेला वेग वीस टक्के जास्त येतो. खुणेच्या काठ्या वाटेच्या रेषेतच रोवा. कॅमेरा बाजूला, आडोशाला, आणि माणसं मागे. गोफणीत ‘मागे’ हीसुद्धा फार सुरक्षित जागा नाही.

आवाजावरून वेग काढता येतो असं ऐकलंय.

येतो. सुटल्याचा आवाज आणि लक्ष्यावर आदळल्याचा आवाज एकाच ध्वनिमुद्रणात घ्यायचा आणि मधला वेळ वाचायचा. लक्ष्य १० मीटरवर असेल आणि फोन तुमच्या खिशात असेल, तर आदळल्याचा आवाज परत यायला जवळजवळ २९ मिलिसेकंद जादा लागतात, ते वजा करावे लागतात. फोन बरोबर मध्यावर ठेवला तर दोन्ही आवाज सारखेच उशिरा पोचतात आणि हिशेबच नको. लक्ष्याला पत्र्याचा तुकडा बांधा, आवाजाचं टोक स्पष्ट दिसतं. लक्षात ठेवा, हा संपूर्ण वाटेचा सरासरी वेग आहे, सुटतानाचा नाही. गोफणीला ही रीत लावू नका, कारण दोरीचा फटकारा आणि गुंडा सुटण्याचा क्षण एकच असेल असं नाही.

बाण?

२०२३ साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं लावलेल्या धनुष्याच्या तिरंदाजीचे जगज्जेते झाले. त्या जातीच्या धनुष्याचा बाण आपल्या ‘मंद’च्या व्याख्येत बसत नाही. घरी केलेलं बांबूचं धनुष्य बसतं. बाण दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा लांब असला तरी बिघडत नाही, यंत्र पुढचं टोक पकडतं. मात्र टोक बारीक आणि टोकदार असेल तर सावली हळूहळू जाड होत येते, आणि वर सांगितलेला पालीचा प्रकार होतो. टोकाशी काळ्या चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. पिसांची दुसरी सावली कधीकधी नवीनच बाण म्हणून मोजली जाते, तो आकडा खोडा.

फोमचा डार्ट आणि टेबल टेनिसचा बॉल दरवेळी वेगळा आकडा का देतात?

तुम्ही दरवेळी वेगळ्या अंतरावर मोजताय म्हणून. टेबल टेनिसचा बॉल ४० मिलिमीटरचा आणि वजन २.७ ग्रॅम. आकाराच्या मानाने इतका हलका की मीटरमागे अंदाजे बारा टक्के वेग हवा खाऊन टाकते. तीन मीटरवर जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो. फोमच्या डार्टचा मीटरमागे साधारण पाच टक्के जातो. म्हणून वेगाच्या आकड्याशेजारी ‘तोंडापासून किती अंतरावर’ हे लिहिल्याशिवाय तो मला दाखवू नका.

क्रोनोग्राफ घरी बनवता येईल?

मंद वेगासाठी तर बनवावाच. विकतच्या यंत्राची फूटभराची अडचण राहत नाही, एक मीटर अंतर ठेवता येतं. अर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाचं घड्याळ चार मायक्रोसेकंदांच्या पायरीने मोजतं. ५ मीटरने जाणाऱ्या गोटीला मीटरभराला २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे घड्याळ गरजेपेक्षा कितीतरी बारीक झालं. डोळ्यासाठी इन्फ्रारेड एलईडी आणि फोटोडायोड घ्या. एलडीआर, म्हणजे उजेडाने रोध बदलणारा सुटा भाग, स्वस्त म्हणून घेतात आणि फसतात, तो उठायलाच कित्येक मिलिसेकंद घेतो. टीव्हीच्या रिमोटचा रिसीव्हरही नको, त्याला ३८ किलोहर्ट्झने लुकलुकणारा उजेडच हवा असतो.

विजेचं काहीच नको असेल तर बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्ये मांडलेला लंबक आहे. अर्धा किलो मातीचा गोळा मीटरभर दोरीला टांगा आणि त्यात मारा. पाच ग्रॅमची गोटी २० मीटरने येऊन रुतली तर गोळा आडवा सव्वासहा सेंटिमीटर सरकतो. मागे खडूची रेघ आणि पट्टी. बारावीच्या मुलांना संवेगाचं गणित तेव्हा पहिल्यांदा खरं वाटतं.

किती वेळा मोजायचं?

दहा. सगळे लिहायचे, आवडलेले नव्हे.

तुमचा क्रोनोग्राफ उसना मिळेल का?

मिळेल. फळकूट बरोबर न्यायचं, ट्यूबलाइटखाली लावायचा नाही आणि परत देताना गोटीचे आकडे दाखवायचे. पडद्यावरचं भोक आधीपासूनचं आहे, ते तुमच्या नावावर नाही.